व्हिसा नाकारला, कोर्टाची पायरी चढावी का?

वाचकांचे प्रश्न : कायदा

गेल्या दोन-तीन महिन्यांत व्हिसाच्या नकारपत्रांच्या झेरॉक्सच जास्त आल्या. बहुतेकांची विचारणा एकच आहे : कोर्टात गेलो तर व्हिसा मिळेल का? आधीच सांगून टाकतो, कोर्ट व्हिसा देत नाही. अधिकाऱ्याने निर्णय नीट घेतला की नाही एवढेच ते पाहते, आणि तेही त्याच्यासमोर त्या दिवशी जे कागद होते त्यांवरून. म्हणून चूक फाइलीत होती की निर्णयात, हे आधी ठरवावे लागते. फाइलीत असेल तर नवा अर्ज, निर्णयात असेल तर कोर्ट.

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, चिंचोळी एमआयडीसीत चार वर्षे नोकरी. कॅनडात ओंटारिओतील कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला, पण स्टडी परमिट नाकारले. पत्रात दोनच ओळी आहेत : येण्याचा हेतू पटत नाही, मुदत संपल्यावर परत जाल असे वाटत नाही. एजंट म्हणतो लगेच पुन्हा अर्ज टाका. पुण्याचे एक नातेवाईक म्हणतात फेडरल कोर्टात जा. काय करावे? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर : पहिल्यांदा नकारपत्र कोणत्या तारखेला मिळाले ते कॅलेंडरवर लिहा. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टात जायला, निर्णय कळल्यापासून ६० दिवस मिळतात. कॅनडात राहून केलेल्या अर्जाला हीच मुदत फक्त १५ दिवसांची आहे. उशीर झाला तर मुदतवाढ त्याच अर्जात मागता येते, पण उशिराचे सबळ कारण लागते. ‘एजंट बघतो म्हणाला होता’ हे कारण तिथे सहसा चालत नाही.

दुसरे काम, अधिकाऱ्याच्या नोंदी मिळवणे. नकारपत्रातल्या ओळी छापील साच्यातल्या असतात. खरी कारणमीमांसा संगणकातल्या फाइलीत, ज्याला सगळे ‘जीसीएमएस नोट्स’ म्हणतात, तिथे असते. जुलै २०२५ च्या अखेरीपासून स्टडी परमिट, वर्क परमिट आणि व्हिजिटर व्हिसाच्या बऱ्याच नकारपत्रांसोबत या नोंदी जोडून येऊ लागल्या आहेत, तेव्हा पत्राची सगळी पाने उघडून पाहा. नसतील तर कॅनडाच्या प्रायव्हसी अ‍ॅक्टखाली स्वतःच्या माहितीसाठी अर्ज करता येतो. तो सोलापुरात बसून होतो आणि त्याला फी नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, पण ती पुष्कळदा टळते, आणि इकडे ६० दिवसांचे घड्याळ थांबत नाही. नोंदी हातात नसल्या तरी कोर्टात अर्ज दाखल करता येतो. तसे अर्जातच नमूद केले की कोर्टाची रजिस्ट्री व्हिसा कार्यालयाकडून कारणे मागवते. नोंदींची वाट पाहत मुदत घालवणे ही आमच्या पाहण्यातली सगळ्यांत महागडी चूक.

आता नोंदी वाचायच्या कशा. न्यायाधीश स्वतःला ‘मी व्हिसा दिला असता का’ असे विचारत नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वाविलोव्ह निकालापासून कसोटी अशी आहे : कागदांपासून निष्कर्षापर्यंतचा अधिकाऱ्याचा विचार समजतो का, आणि तो टिकतो का? नोंदी चार ओळींच्या असल्या तरी चालतात. पण त्या चार ओळींनी फाइलीतल्या मुख्य पुराव्याला हात घातलेला असावा लागतो.

तुमच्याच प्रकरणात घ्या. नोंदीत लिहिले असेल की ‘अर्जदाराचे मायदेशी बंध कमकुवत’ आणि अर्जात मात्र आई, वडील, बहीण सगळे सोलापुरात, कॅनडात कुणीच नाही, तर हा निष्कर्ष कशातून आला हे सांगता येत नाही. इथे दम आहे. नोंदीत ‘इंजिनिअर असताना डिप्लोमा कशाला’ एवढेच असेल, आणि मुलाने स्टडी प्लॅनमध्ये कारखान्यात कोणत्या कामासाठी हा अभ्यास लागतो हे लिहिले असेल, परतल्यावर बढती देऊ असे मालकाचे पत्र जोडले असेल, पण अधिकाऱ्याने त्या पत्राचा उल्लेखही केलेला नसेल, तरी दम आहे. उलट स्टडी प्लॅन एजंटच्या नेहमीच्या साच्यातला असेल, ‘कॅनडातील शिक्षण जागतिक दर्जाचे आहे’ छापाचा आणि मालकाचे पत्रच नसेल, तर अधिकाऱ्याला दोष देता येणार नाही. पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. अपुरा कागद पाहून अधिकाऱ्याने फोन करून विचारावे असा नियम नाही. चिनूक नावाचे सॉफ्टवेअर वापरून घाऊक नकार देतात, अशी तक्रार बऱ्याच पत्रांत आहे. नुसते सॉफ्टवेअर वापरले म्हणून निर्णय रद्द होत नाही. शेवटी कारणांकडेच यावे लागते.

प्रक्रिया दोन टप्प्यांची आहे. आधी परवानगी, ज्याला तिथे ‘लीव्ह’ म्हणतात, मग सुनावणी. अर्ज ‘आयआर-१’ या नमुन्यात ऑनलाइन दाखल होतो, कोर्ट फी ५० कॅनेडियन डॉलर. त्यानंतर अर्ज, निर्णय, कारणे, प्रतिज्ञापत्र आणि लेखी युक्तिवाद असा संच द्यायचा. याला नियमाप्रमाणे ३० दिवस होते; प्रकरणे तुंबल्यामुळे मे २०२५ मध्ये कोर्टाने विशेष आदेश काढून ती मुदत ७५ दिवस केली. प्रतिज्ञापत्र सोलापुरात नोटरीपुढे करता येते. तुम्ही स्वतः करणार असाल आणि इंग्रजी येत नसेल, तर मजकूर मराठीत समजावून सांगितल्याची दुभाष्याची शपथही सोबत लागते. ती नसली की आक्षेप येतो. नवा पुरावा मात्र या प्रतिज्ञापत्रातून घुसवता येत नाही. जे अधिकाऱ्यापुढे नव्हते, ते कोर्टापुढेही नाही. बाजू मांडायला संधीच दिली नाही, अशी तक्रार असेल तर थोडा अपवाद होतो.

मग सरकारचे वकील उत्तर देतात किंवा, नोंदी फारच कच्च्या असतील तर, मधेच तडजोड सुचवतात : खटला मागे घ्या, दुसरा अधिकारी फाइल नव्याने पाहील. दम असलेली बरीच प्रकरणे इथेच संपतात आणि हा पराभव समजू नये. खटला जिंकून जे मिळते तेच हे, फक्त लवकर मिळते. लीव्ह नाकारली तर कोर्ट कारणे देत नाही आणि त्यावर अपीलही नाही. लीव्ह मिळाली तर सुनावणी ३० ते ९० दिवसांच्या आत लागते.

स्टडी परमिटसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल कोर्टाने एक छोटा मार्ग सुरू केला आहे. त्यात लीव्ह आणि मुख्य निर्णय एकत्रच होतात, प्रत्यक्ष सुनावणी नसते. एरवी १४ ते १८ महिने लागणारे प्रकरण सुमारे पाच महिन्यांत संपावे असा हेतू आहे. दोन्ही पक्षांची संमती लागते, आणि प्रकरण साधे हवे. मुदतवाढ मागायची असेल तर हा मार्ग बंद. तुमच्यासारख्या प्रकरणाला तो बसतो; वकिलाला नाव घेऊन विचारा.

वकील म्हणजे कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा सदस्य. परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंटलाही फेडरल कोर्टात उभे राहता येत नाही, मग सात रस्त्यावरच्या एजंटचे तर नावच नको. ‘आम्ही इथूनच कोर्टाचे बघतो’ असे कुणी म्हणाले तर कोणत्या वकिलाच्या नावाने, ते लेखी घ्या. खर्चाचे आणखी एक : या प्रकरणांत जिंकणाऱ्याला वकिलाची फी दुसऱ्या बाजूकडून सहसा मिळत नाही. तसेच हरलात तरी सरकारचा खर्च सहसा अंगावर पडत नाही.

आणि जिंकल्यावर? फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. तोपर्यंत कॉलेजचे सत्र उलटलेले असते, म्हणून ऑफर लेटर पुढच्या सत्राला वाढवून घ्यावे लागते. प्रांताचे अ‍ॅटेस्टेशन लेटरही (प्रांताच्या कोट्यात जागा दिल्याचे पत्र) तारीख संपलेले असेल तर नवे आणावे लागते. दुसरा अधिकारी वेगळ्या, टिकणाऱ्या कारणाने पुन्हा नकार देऊ शकतो. नवा अर्ज आणि खटला एकाच वेळी चालवता येतात; कोर्टात गेल्याचा राग धरतील ही भीती बाळगू नका.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात बागायती, ऊस आणि द्राक्ष. मुलीच्या कॅनडाच्या फाइलीत आठ एकरांचा सातबारा, दीड कोटीचे मूल्यांकन आणि खात्यात २६ लाख दाखवले. नोंदीत ‘पैशाचा स्रोत स्पष्ट नाही’ असे आले. सातबारा दाखवूनही स्रोत कळत नाही म्हणजे काय? हा अन्याय नाही का?

उत्तर : चीड येणे साहजिक आहे, पण सातबारा काय सांगतो ते पाहा. जमीन कुणाची, किती, पीक कोणते. वर्षाला हातात किती आले, हे त्यात कुठेच नाही. मूल्यांकनाचा दाखला तर त्याहून निरुपयोगी, कारण फी जमिनीतून भरली जात नाही, खात्यातून भरली जाते. बँकेच्या उताऱ्यात सहा महिने वीस-तीस हजारांची ये-जा आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम १८ लाख जमा, असे दिसले की ओटावातला काय आणि दिल्लीतला काय, अधिकारी एकच शंका घेतो : दाखवण्यापुरते आणून ठेवले. तुम्हाला माहीत असते की ते कारखान्याचे बिल आणि बेदाण्याची पट्टी. त्याला ते कागदावरून कळायला हवे.

कारखान्याची बिले आणि ज्या नोंदीने ती खात्यात आली तिचा क्रमांक, बेदाण्याच्या पट्ट्या, मोडलेल्या ठेवीची पावती, आणि मोठ्या प्रत्येक जमा रकमेपुढे एका ओळीत ‘ही कशाची’ असा तक्ता. एवढे असले तर शंका उरत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे अनेक जण रिटर्नच भरत नाहीत. भरत असाल तर करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात ते दाखवा. तीन वर्षांचे असे रिटर्न मूल्यांकनाच्या दहा दाखल्यांपेक्षा वजनदार. सातबारा आणि आठ-अ चे इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह द्या. अर्जदाराने किंवा घरच्यांनी केलेले भाषांतर चालत नाही. आणि किती लागतात ते : १ सप्टेंबर २०२५ पासून क्वेबेक सोडून इतरत्र एकट्या विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या राहण्याखाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. आधीचा आकडा २०,६३५ होता. जुनी यादी वापरून तेवढेच दाखवलेल्या फाइली अजून येतात.

वरचा तक्ता आणि बिले फाइलीत होती आणि तरी ‘स्रोत स्पष्ट नाही’ लिहिले असेल, तर कोर्टात जायला जागा आहे. तुमच्या पत्रावरून ती नव्हती. मग नवा अर्जच. त्यात जुना नकार आवर्जून लिहा आणि पहिल्याच परिच्छेदात त्या शंकेचे उत्तर पान क्रमांकासह द्या.

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना. जानेवारीत जर्मनीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्सटिल या कापडाच्या व्यापारी जत्रेत स्टॉल होता, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा नाकारला. पूर्वी दूतावासाला पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, तो आता बंद म्हणतात. खरे का?

उत्तर : खरे आहे. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून तो फेरविचार जगभर बंद केला. आता दोनच मार्ग आहेत : नवा अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. नकारपत्रासोबत दाद मागण्याची सूचना असेल तर दाव्याला नकार मिळाल्यापासून एक महिना मिळतो. दावा जर्मन भाषेत, लेखी आणि सहीनिशी हवा. साधा ईमेल चालत नाही, आणि ईमेल पाठवून महिना निवांत घालवणारे असतात. पहिल्या पातळीवर वकील सक्तीचा नाही, पण कोर्ट फी आगाऊ भरावी लागते.

दाद मागण्याचा हक्क युरोपच्या व्हिसा संहितेच्या कलम ३२ मध्येच आहे, आणि तो शेवटी न्यायालयापर्यंत पोचलाच पाहिजे, असे युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये पोलंडच्या एका प्रकरणात ठरवले. मात्र त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये जर्मनीच्या प्रकरणात हेही म्हटले की संहितेत नसलेल्या कारणाने नकार देता येत नसला, तरी असलेली कारणे लागू होतात का हे ठरवण्यात दूतावासाला मोठी मोकळीक आहे.

व्यवहाराचे सांगायचे तर जत्रा चार दिवसांची आणि दावा काही महिन्यांचा. या वर्षीच्या स्टॉलसाठी दावा करू नका. दर वर्षी जाणार असाल, आणि फाइल भक्कम असूनही नकार आला असेल, तरच विचार करा. नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षे राहते आणि पुढच्या वेळी फ्रान्सकडे अर्ज केला तरी दिसते.

आपल्या यंत्रमागवाल्यांच्या फाइलीत नेमके काय चुकते, तर धंद्याचा सगळा पैसा फर्मच्या चालू खात्यात असतो आणि जोडला जातो मालकाचा बचत खात्याचा उतारा, त्यात चाळीस हजार. दोन्ही जोडा, आणि दोघांचा संबंध दाखवणारे भागीदारीपत्र किंवा उद्यम नोंदणीही. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), जीएसटी रिटर्न, युरोपातल्या ग्राहकांची मागील बिले आणि त्यांचे बँकेत आलेले पैसे, स्टॉलच्या भाड्याची पावती हे सगळे द्या. हॉटेलच्या तारखा जत्रेच्या तारखांशी जुळाव्यात; जत्रा चार दिवसांची आणि मुक्काम वीस दिवसांचा असेल तर उरलेले दिवस कुठे, ते लिहा. विमा ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला १५ दिवस आणि प्रसंगी ४५ लागतात. डिसेंबरात अर्ज टाकला तर नकारानंतर नव्या अर्जाला जागाच उरत नाही. ऑक्टोबरात टाका. फी ९० युरो, दर वेळी नवी.

प्रश्न : अमेरिकेचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, दोनदा ‘२१४-बी’ खाली (परत याल असे पटले नाही म्हणून) नाकारला. तिथल्या कोर्टात जाता येईल का?

उत्तर : जवळपास नाही. दूतावासातल्या अधिकाऱ्याच्या नकारात न्यायालय हात घालत नाही हे तिथले जुने तत्त्व आहे, आणि जून २०२४ मध्ये मुन्योज प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केले. त्या प्रकरणात तर अर्जदाराची पत्नी अमेरिकन नागरिक होती. उरतो नवा डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), नवी फी, आणि मधल्या काळात खरोखर काहीतरी बदललेले असले पाहिजे. ‘२२१-जी’ वेगळा. त्यात कागद किंवा तपासणी बाकी असते, आणि वर्ष-वर्ष काहीच हालचाल नसेल तर निर्णय द्या एवढ्यासाठी कोर्टात जाता येते. काय निर्णय द्यावा हे कोर्ट सांगत नाही.

प्रश्न : मुलगी लेस्टरला असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांचा ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा नाकारला. पत्रात अपिलाचा हक्क नाही असे आहे. एका वकिलाने ‘जेआर’ लावू म्हटले. (सेवानिवृत्त शिक्षक, पूर्व भाग)

उत्तर : नातलगांना भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा हक्क ब्रिटनने जून २०१३ मध्ये काढून टाकला. प्रशासकीय फेरतपासणीही व्हिजिटरला नाही. ती विद्यार्थी वगैरेंना आहे, परदेशातून २८ दिवसांत, फी ८० पौंड. उरते जेआर, म्हणजे अप्पर ट्रायब्युनलपुढचे न्यायिक पुनर्विलोकन. ते तातडीने, आणि कसेही करून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावे लागते.

त्याआधी गृहखात्याला खटलापूर्व पत्र पाठवायचे असते, उत्तरासाठी साधारण १४ दिवस देऊन. निर्णयात ढळढळीत चूक असेल, म्हणजे पेन्शनचा कागद असताना ‘उत्पन्नाचा पुरावा नाही’ असे लिहिले असेल, तर या पत्रावरच कधी कधी निर्णय मागे घेऊन फाइल पुन्हा पाहतात. म्हणून वकिलाला म्हणावे, आधी फक्त या पत्राची फी सांगा. तीन महिने मात्र चालूच राहतात. पुढे खटला चालवलात आणि हरलात तर, कॅनडासारखे नाही, सरकारचा खर्चही तुमच्यावर येऊ शकतो. पेन्शनच्या रकमेतून ही जोखीम घेण्यासारखी नाही.

तुमच्या पत्रातली कारणे पाहता नवा अर्जच बरा. खर्च मुलगी करणार असेल तर तिचे पगारपत्रक, बँकेचा उतारा, घराचा करार आणि व्हिसाची स्थिती जोडा. इकडे परत येण्याची कारणे म्हणजे घर, पेन्शन आणि जी जबाबदारी खरोखर असेल ती. एक नाजूक बाब : ‘बाळाला सांभाळायला’ असे लिहू नका, असा सल्ला एजंट देतात. खोटे लिहू नका. पण व्हिजिटरला तिथे काम करता येत नाही आणि मुक्काम सहा महिन्यांपर्यंतच, हे तुम्हाला माहीत आहे असे पत्रात दिसू द्या. सोबत तारखांसह परतीचा बेत द्या.

प्रश्न : एजंटने बँकेचे खोटे पत्र जोडले, आम्हाला कल्पनाच नव्हती. कॅनडाने पाच वर्षांची बंदी घातली. सोलापूरच्या कोर्टात किंवा आता कोल्हापूरला हायकोर्टाचे बेंच झाले आहे तिथे दाद मागावी का?

उत्तर : कॅनडाच्या निर्णयाविरुद्ध सोलापूर, कोल्हापूर, मुंबई कुठेही नाही. परदेशी सरकारने आपल्या देशात कुणाला घ्यायचे, हे आपली न्यायालये तपासत नाहीत.

बंदीविरुद्ध मात्र फेडरल कोर्टाचा विचार गांभीर्याने करा, कारण साध्या नकारानंतर नवा अर्ज हा पर्याय असतो, बंदीत तो पाच वर्षे नसतो. ‘एजंटने केले’ एवढे म्हणून सुटका होत नाही. अर्जावर सही तुमची, जबाबदारी तुमची. पाहायचे ते हे : बंदीआधी खुलासा मागणारे पत्र आले होते का? ते एजंटच्याच ईमेलवर गेले का, त्याला उत्तर दिले का? खुलाशात तुम्ही जे मांडले त्याचा विचार नोंदींत दिसतो का? पुढे तरी अर्जात ईमेल आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा.

एजंटविरुद्ध मात्र सोलापुरातच दोन दारे आहेत. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार, आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, एजंटचे ऑफिस पुण्यात असले तरी. मुदत दोन वर्षे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. रोख दिलेल्या पैशांची पावती नसते हीच अडचण असते. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे मोबाइल बदलण्याआधी एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे) प्रमाणपत्र जोडायला वकिलाला सांगा.